त्रेसष्ट डोक्यांचा जॅकपॉट

मेहुण्याच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. पंख्याखालची मेहुण्याची, दारातली उन्हाची रेडिओची. रेडिओ हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण कात्री थांबली तरी ज्याचं तोंड थांबत नाही त्याला दुसरं काय म्हणणार? त्याने कापलेल्या प्रत्येक डोक्याचे निम्मे पैसे मेहुण्याच्या गल्ल्यात जात आणि टोमणा वर फुकट मिळे, "दाजी, हात चालवा. तोंडाचे पैसे कुणी देत नाही."

रेडिओला स्वतःचा गाळा हवा होता. समोर एक रिकामा होता. मालक अडीच लाख डिपॉझिट मागत होता आणि महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

त्यातच लॉटरीचा जॅकपॉट कुणालाच न लागता फुगत फुगत कोटीवर गेला, आणि रेडिओला स्वप्न पडलं. सहा टकले ओळीने बसलेत आणि प्रत्येकाच्या टकलावर एकेक आकडा. या धंद्यातल्या माणसाला टकले दिसणं म्हणजे खरं तर अपशकुन; पण त्याने त्याच सहा आकड्यांचं तिकीट काढलं.

गुपित पोटात ठेवायला पोटही तसं लागतं. गिऱ्हाइकाने मान खाली घातली, की हा कानाशी वाकायचा, "फक्त तुम्हाला सांगतो हं." मानेवर वस्तरा असल्यामुळे गिऱ्हाईकही मनापासून ऐकायचं. यात आपलं काही जातंय असं त्याला वाटलंच नाही. दिव्याने दिवा लावला म्हणून पहिल्याचा उजेड थोडाच कमी होतो? ज्याला लागेल त्याला कोटी!

सोडतीच्या दिवशी दुपारी तो ऐटीत तिकीटवाल्याकडे गेला. "काय शेठ, माझ्यामुळे विक्री वाढली ना?"

"तरीच!" तिकीटवाला म्हणाला. "जो येतो तो तेच सहा आकडे मागतो. अहो, वेडे का खुळे तुम्ही?"

"का? सगळ्यांना मिळू दे की कोटी."

"कोटी सगळ्यांत मिळून एक! तिकिटांच्या पैशांतला ठरलेला हिस्सा बक्षिसाच्या हंड्यात पडतो. सहाही आकडे जुळलेले जेवढे, तेवढ्यांत हंडा सारखा वाटायचा. कुणाचेच जुळले नाहीत, तर हंडा तसाच पुढच्या सोडतीला."

रेडिओ घरी आला तो मुका होऊन. बायकोने ताप बघितला. संध्याकाळी टीव्हीवर सोडत सुरू झाली तेव्हा तो डोळे मिटून पुटपुटत होता, "आमचे नको, देवा, आज आमचे नको." हंडा पुढे सरकला असता, तर पुढच्या खेपेला तो जीभ दाताखाली धरून एकटाच खेळणार होता.

सहाच्या सहा आकडे आले.

"अहो, लागली!" बायको ओरडली.

"लागली गं," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "पण सगळ्यांनाच लागली."

सगळे म्हणजे त्रेसष्ट. वाट्याला आले दीड लाखाच्या आसपास. डिपॉझिटला लाख कमी. सकाळी सलूनपुढे विजेत्यांची गर्दी जमली, हार घालायला नव्हे, भांडायला.

"मला सांगितलंत ते बरोबर," पोस्टमन कडाडला, "पण या दूधवाल्याला कशाला?"

"आणि या पोस्टमनला?" दूधवाला म्हणाला.

पलीकडच्या खुर्चीवरून फुकटात आकडे ऐकलेला मेहुणाही विजेता होता. "दाजी, तोंड आवरलं असतंत तर आज मी बंगल्यात असतो."

तेवढ्यात बायकोच पदर खोचून पुढे झाली. "यांनी सांगितलं नसतं, तर तुमच्या हातात काय आलं असतं हो? वर्षभराच्या कटिंगचे पैसे आत्ताच भरा. माणशी सोळाशे रुपये. नाहीतर पुढच्या वेळी आकडे विचारायला येऊ नका."

पोस्टमनने आधी खिशात हात घातला, मग दूधवाल्याने. एकाने भरले म्हटल्यावर दुसऱ्याला मागे राहवेना. मेहुण्याने घासाघीस केली; ती बहिणीने चालू दिली नाही. महिनाअखेरीला गाळा झाला.

पण आधी पैसे भरलेला माणूस केस वाढायची वाट बघत नाही. पहिल्याच आठवड्यात सगळे दोन-दोनदा येऊन गेले. रांग दारापर्यंत आणि गल्ला रिकामा. स्वतःचं दुकान बंद ठेवून मेहुणाही आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि हनुवटी वर करून म्हणाला, "दाढीही त्यातच ना, ताई?"

"दाढीचे वेगळे," बायको म्हणाली आणि गल्ला उघडला.