सरवा वेचणाऱ्या तिघी

बँकेतून निवृत्त झाल्यावर साहेबरावांना नाण्यांचा नाद लागला. इंदापुरातल्या घरी एक कपाट नाण्यांनीच भरलं होतं. त्या आठवड्यात कुरिअरनं आलेलं चांदीचं नाणं पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या देशाचं होतं. त्या देशात माणसं बारामतीपेक्षाही कमी, आणि नाण्यावरचं चित्र मात्र फ्रान्समधलं. कापणी झालेल्या शेतात वाकून कणसं वेचणाऱ्या तीन बाया.

साहेबरावांची आई भागुबाई ऐंशीच्या पुढची. तिला अंधुकच दिसायचं. चित्रात काय आहे ते मुलानं सांगितलं, तेव्हा तिनं नाणं हातात मागितलं. अशी नाणी डबीतून काढत नाहीत; बोट लागलं की चकाकीवर डाग राहतो. साहेबराव जरा थांबले, मग त्यांनी डबी उघडली.

भागुबाईनं नाण्यावर अंगठा फिरवला. वाकलेल्या पाठी अंगठ्याला लागल्या.

"सरवा वेचत्यात," ती म्हणाली. "आई, मी आन् भामा. आमी अशाच जायचो, मालक हाकलूस्तवर."

भामाबाई तिची धाकटी बहीण, जळोचीला राहणारी. दोघींची आई तिच्याकडंच वारली आणि भागुबाईला निरोप उशिरा पोचला. ती तिथं जाईपर्यंत अंत्यविधी उरकला होता. तेव्हापासून बहिणींचं बोलणं बंद होतं. साहेबरावांनी विषय काढला की आई उठून जायची. आता तीच म्हणाली, "उद्या मला जळोचीला न्हे."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं बारामतीला उतरली आणि रिक्षानं जळोचीला गेली. भामाबाई ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत होती. बहिणीला तिनं ओळखलं, पण ती उठली नाही. भागुबाई उन्हातच उभी राहिली. तसंच परत फिरावं लागणार, असं साहेबरावांना वाटलं.

"निरोप मीच उशिरा धाडला," भामाबाई शेवटी म्हणाली. "तू म्हणशील, आईला नीट बघितलं न्हाय. मला भ्या वाटलं."

"म्हणले असते मी," भागुबाई म्हणाली.

मग चप्पल काढून ती ओट्यावर बसली आणि समोरच्या शेंगा मोडायला लागली.

जेवणं झाल्यावर साहेबरावांनी निघायचं का म्हणून विचारलं. आईनं उद्या औषधं आणून द्यायला सांगितली. ते एकटेच स्टँडकडं निघाले.