किरकोळ बदल

आमच्या पर्यटन मंडळाचं बातमीपत्र दर महिन्याच्या एक तारखेला निघतं. चार पानं, आठशे प्रती. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, आणि त्यात ते कशाची तरी फीत कापत असतात. दुसऱ्या पानावर पुढच्या महिन्याचे कार्यक्रम, तिसऱ्यावर सभासद हॉटेलांच्या जाहिराती. चौथ्या पानाच्या तळाशी ‘किरकोळ बदल’ नावाचं सदर. पुलावरचा दिवा बदलला, कारंज्याजवळच्या बाकाला रंग दिला, माहिती केंद्राचं दार आता आतल्या बाजूला उघडतं, असलं काहीबाही. हे सगळं मी लिहिते. मंडळाच्या कचेरीत मला बारा वर्षं झाली आणि बातमीपत्र वाचलं असं एकाही सभासदाने मला आजवर सांगितलेलं नाही. हॉटेलवाले त्याने खिडक्यांच्या काचा पुसतात.

त्यात रस असणारा माणूस एकच, तोही घरातला. माझे सासरे. गावातले सगळ्यात जुने गाइड, बिल्ला क्रमांक तीन. एक आणि दोन केव्हाच वर गेले. एक तारखेला सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना बातमीपत्र वाचून दाखवायची. चष्मा सापडत नाही, अक्षर बारीक आहे, असं काहीतरी कारण असायचं, आणि मीही खोलात जायची नाही. पहिली तीन पानं होईपर्यंत ते बिस्किटं खायचे. चौथं पान आलं की कप खाली ठेवायचे.

“किरकोळ पुन्हा वाच,” म्हणायचे.

मला वाटायचं, सुनेचं कौतुक. आपलं लिहिलेलं कुणीतरी दोनदा ऐकतंय म्हटल्यावर मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले. ‘कारंज्याजवळचा बाक उजवीकडे हलवण्यात आला आहे’ असं एकदा वाचलं, तर म्हणाले, “उजवीकडे म्हणजे कुणाच्या? वर जाणाऱ्याच्या की खाली येणाऱ्याच्या?”

“वर जाणाऱ्याच्या, मामंजी.”

“किती पावलं?”

“बाक कंत्राटदाराने हलवला. मी कुठे मोजायला गेले होते?”

“मग जाऊन ये. लिहायचं तर नीट लिहावं.”

गेले आणि मोजून आले. सहा पावलं. भर रस्त्यात पावलं मोजताना शिंप्याने मला पाहिलं आणि बरं आहे ना, असं विचारलं.

गाइड म्हणून मामंजींची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. ते उलटे चालायचे. तोंड पाहुण्यांकडे, पाठ गावाकडे. कारंज्यापासून निघायचं, दगडी पायऱ्यांची गल्ली चढायची, अठ्ठेचाळीस पायऱ्या, आणि वर कठड्यापाशी थांबायचं. खाली नदी, पूल, जुनी गिरणी. सगळा रस्ता ते मागे न बघता चालायचे आणि न बघताच हात मागे करून दाखवायचे, हे गिरणीचं धुराडं, हे डाकघर. बोट बरोबर धुराड्यावर. पाहुणे तोंडात बोटं घालायचे. मंडळाच्या माहितीपत्रकात त्यांचा फोटो होता, आणि फोटोखालचा मजकूरही मीच लिहिला होता.

गेल्या वर्षी त्या माहितीपत्रकासाठी नवे फोटो हवे होते. कुणाला न सांगता मी त्यांच्या घोळक्यात शिरले आणि पहिल्या रांगेत उभी राहिले, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं, हसले आणि म्हणाले, “तुम्ही कुठून आलात, ताई?”

थट्टा करताहेत असं वाटून मीही हसले. ते उत्तराची वाट बघत राहिले. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं ते हसू तसंच. सोळा वर्षं मी ज्यांना दोन वेळचं वाढते, ते मला कुठून आलात विचारत होते, आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं. शेजारच्या बाईंना वाटलं प्रश्न त्यांनाच आहे, त्यांनी उत्तर दिलं. “वा, बऱ्याच लांबून आलात,” म्हणत मामंजी उलटे चालू लागले.

दुपारी ते घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि समोर बसले.

“कधीपासून, मामंजी?”

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “तीन वर्षं होतील. आधी डावा गेला, मग उजवा. कडेकडेचं दिसतं अजून. मध्ये नुसता धूर. ज्याच्याकडे बघावं नेमका तोच दिसत नाही.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“दोघांना दाखवलं. दोघंही म्हणाले, राहिलंय ते जपा.”

“आणि आम्हाला सांगायचं नाही?”

“मुलाला सांगितलं असतं तर तो नोकरी सोडून इथे येऊन बसला असता. तुला सांगायचं म्हणजे मंडळाला सांगायचं. तू तिथलीच.” त्यांनी छातीवरचा पितळी बिल्ला चाचपला. “हा आहे तोवर मी कामावर जाणारा माणूस आहे, सूनबाई. हा गेला की उन्हाबरोबर खुर्ची सरकवणारा म्हातारा. तुझी सासू गेल्यापासून घरात दिवसभर मी आणि भिंती. रस्त्यावर निदान माणसं माझं ऐकतात.”

मला राग आला. त्याहून जास्त कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला. माझा नवरा परगावी नोकरीला, शनिवारी येतो. म्हणजे जे काही ठरवायचं ते मलाच. खरं तर मी त्याच दिवशी मंडळाला कळवायला हवं होतं. त्याऐवजी मी अट घातली. वाटेवर काय हललं ते माझ्याकडून कळल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही.

“कबूल,” ते म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आता ती मूठ माझी होती.

त्यानंतर ‘किरकोळ बदल’ फुगत गेलं. चौथं पान पुरेना, तेव्हा मी जाहिरातींच्या पानावर घुसले. ‘बत्तिसाव्या पायरीचा चढणाऱ्याच्या डावीकडचा कोपरा तुटला आहे.’ ‘बेकरीची पाटी आता डोक्याला लागण्याइतकी खाली आली आहे.’ ‘कारंज्यापासून पहिल्या पायरीपर्यंत कचऱ्याचे दोन डबे, पहिला नवव्या पावलावर.’ अध्यक्ष, ज्यांचं स्वतःचं हॉटेल आहे आणि जे मंडळाकडे त्या हॉटेलचा मागचा दरवाजा म्हणून बघतात, एकदा म्हणाले, “बाई, हे बातमीपत्र आहे की सुताराची वही?” मी म्हटलं, पाहुण्यांच्या सोयीसाठी. सोय म्हटलं की अध्यक्ष गप्प बसतात.

मग नवे चिटणीस आले. तरुण, पर्यटनाची पदवी घेतलेले, बोलताना दर वाक्यात ‘अनुभव’ हा शब्द. पर्यटक जागा बघत नाही, अनुभव घेतो, वगैरे. मामंजी त्यांना उंटावरचा शहाणा म्हणायचे, मीही म्हणायची. पहिल्याच बैठकीत त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. बातमीपत्र आता फोनवर जाणार, सुटसुटीत, ‘किरकोळ बदल’ बंद. आणि सगळ्या गाइडांची दर वर्षी फेरतपासणी. समितीसमोर, खऱ्या पाहुण्यांना घेऊन, नेहमीच्या वाटेवर. आवाज, माहिती, वेळ, वागणूक, सुरक्षितता, प्रत्येकी दहा गुण. पस्तीसच्या खाली गेला त्याचा बिल्ला परत.

सदर बंद झालं तर झालं, मी मामंजींना तोंडी सांगू लागले. तपासणीच्या दोन दिवस आधी सगळी वाट चालून आले. एकच मोठा बदल होणार होता. अध्यक्षांनी फोटो काढून घेण्यासाठी लोखंडी चौकट करवून घेतली होती, दोन माणसं उंच, हिरवा रंग, खाली पोलादी बैठक. ती बाजारात बसणार होती, वाटेपासून लांब. मामंजींना तेही सांगितलं.

“बाजारात कशाला मरायला जातोय मी,” ते म्हणाले.

तपासणीच्या दिवशी सकाळी अध्यक्ष, चिटणीस, सात पाहुणे आणि गुणपत्रक घेऊन मी, असे कारंज्यापाशी जमलो. मामंजींनी बिल्ला घासून लख्ख केला होता. सुरुवात झाली आणि मला घरचा अभिमान वाटला, तो लपवायला मी पेन्सिलीला टोक काढत बसले. बेकरीच्या पाटीखाली ते बोलता बोलता वाकले. बत्तिसाव्या पायरीवर डावा पाय आत घेतला. पाहुणे खूश होते. चिटणीसांचं लक्ष मात्र मामंजींच्या पायांकडे होतं.

अठ्ठेचाळिसावी पायरी आली आणि मला मामंजींच्या खांद्यावरून चौकट दिसली. बाजारातली चौकट वर, कठड्याच्या अलीकडे, पांढऱ्या कापडाखाली.

“कालच हलवली,” अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले. “बाजारात फोटोमध्ये मागे त्या दुसऱ्याचं हॉटेल येत होतं. म्हटलं, आज सगळे आहेतच, अनावरणही उरकून घेऊ.”

शेवटच्या पायरीपासून कठडा अकरा पावलं. मामंजी दहा चालतात आणि थांबतात. चौकटीची बैठक आठव्या पावलावर होती, घोट्याएवढी उंच, आणि मागे गुडघ्याएवढा कठडा, आणि त्याच्या मागे काही नाही.

त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. गिरणीची गोष्ट चालू होती. दुसरं, तिसरं. मी ओरडले तर बिल्ला माझ्याच तोंडाने जाणार होता. चौथं. कचेरीत आणि वाटेवर मी त्यांना कधी नात्याने हाक मारत नाही, सगळ्यांसारखं ‘काका’ म्हणते. पाचवं, सहावं.

“मामंजी, थांबा.”

ते थांबले. मागे चाललेला पाय तिथेच टेकला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मामंजींनी सावकाश हात मागे नेला, कापड लागलं, कापडाखालचं लोखंड लागलं, ते वरपर्यंत चाचपलं. मग पाहुण्यांकडे बघून हसले.

“मंडळी, ही चौकट आजच आलेली दिसते,” ते म्हणाले. “बातमीपत्रात नव्हती.”

पाहुणे हसले. अध्यक्ष सगळ्यात मोठ्याने हसले आणि त्याच झपाट्यात कापड ओढून टाळ्या मिळवून गेले. मामंजींनी उरलेली गोष्ट जागेवरूनच सांगितली, न बघता धुराड्याकडे बोट केलं. बोट बरोबर धुराड्यावर होतं.

कचेरीत आल्यावर चिटणीसांनी गुणपत्रक मागितलं.

“सुरक्षितता रिकामं आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“सदर बंद करण्याआधी मी जुने अंक वाचले होते. सगळे.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “सहा पावलं, चढणाऱ्याच्या डावीकडे, नववं पाऊल. आठशे लोकांना हे कशाला हवं, ते कळेना, म्हणून बंद केलं. आज कळलं की ते एकासाठी होतं.”

आता संपलं, असं वाटून मी मान खाली घातली.

“छापील अंक आणि सदर पुन्हा सुरू करा,” ते म्हणाले. “त्या वाटेवर काही हलवायचं तर आधी माझी सही लागेल, अध्यक्षांनाही. तुमच्या मामंजींसोबत एक माणूस देऊ, मदतनीस म्हणून. रकान्यात आठ लिहा.”

मी आठ लिहिले. बेरीज शेहेचाळीस झाली. कधी एकदा घरी जाऊन सांगते असं झालं होतं मला.

घरी टेबलावर बिल्ला ठेवलेला होता, टाचणी बंद करून. मामंजी त्याच्यासमोर बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं, गुण, सदर, सही, मदतनीस. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“पोरगा चांगला निघाला,” ते म्हणाले. “उगाच नाव ठेवलं त्याला.”

“मग हा इथे कशाला काढून ठेवलाय?”

“तुझा आवाज ऐकला मी आज. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.” थोडा वेळ ते बिल्ल्यावरून बोट फिरवत राहिले. “मी पडलो असतो तर पाहुण्यांतली पुढची बाई मला धरायला धावली असती. तिचा आवाज अगदी जवळ होता. कठडा केवढा आहे, माहीत आहे ना तुला? माझं जाऊ दे. पाहुणे तिथे माझ्या भरवशावर येतात.”

“मदतनीस असेल ना सोबत.”

“मग गाइड तो झाला.” त्यांनी बिल्ला माझ्याकडे सरकवला. “बातमी लिही. पहिल्या पानावर नको, तिथे अध्यक्ष फीत कापतात. किरकोळमध्ये घे.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. नळाने काही फरक पडला नसावा, त्यांचे कान शाबूत होते.

मजकूर तीन वेळा लिहिला. चिटणीसांनी एक शब्दही कापला नाही. एक तारखेला सकाळी चहाच्या वेळी मी वाचायला घेतला आणि मामंजींनी कप खाली ठेवला.

“‘किरकोळ बदल. बिल्ला क्रमांक तीनचे गाइड अडतीस वर्षांच्या कामानंतर आपल्या नेहमीच्या वाटेवरून हलले आहेत. ते आता कारंज्यामागच्या गल्लीत, डावीकडच्या तिसऱ्या घरात, दारातून आत आल्यावर उजवीकडे चार पावलांवर खुर्चीत भेटतील. गावाच्या गोष्टी ऐकायच्या असतील त्यांनी सकाळी दहानंतर यावं. येणाऱ्याने आधी आपलं नाव सांगावं.’”

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

ते उठले आणि दारापर्यंत गेले. मग तोंड दाराकडे, पाठ खुर्चीकडे ठेवून, ओठातल्या ओठात मोजत उलटे चालत आले. मी टेबल अलीकडे ओढून घेतलं. पोटऱ्यांना खुर्ची लागली तेव्हा ते बसले.

“पाच आहेत,” म्हणाले. “तू चार लिहिलीस.”

“मी माझ्या पावलांनी मोजली, मामंजी.”

“चालायचं मला आहे. दुरुस्ती छाप.”

पुढच्या अंकात दुरुस्ती छापली.