पहिला फेरा ऐकायचा

तबकडीबाईंनी सुई टेकवली, खोलीच्या पलीकडच्या टोकाला वॉकर धरून उभ्या असलेल्या नवऱ्याच्या पायांकडे डोळे लावले, आणि गाणं सुरू होतंय न होतंय तोच सुई उचलली.

"नाही. हे नाहीच."

"अगं आई, वाजू तरी दे की थोडं!" लेक दारातून ओरडली. "बाबांना ऐकू आलं असेल की नाही कोण जाणे."

"मला आलं ना. ढोलवाला नुसता घाई करतोय. असल्या घाईत पाय उचलायचा कसा माणसानं?"

लेकीनं कपाळाला हात लावला. सकाळपासून तेच एक गाणं. कधी बाजाच्या गजरात, कधी नुसत्या पियानोवर, कधी कुणी बाई गाते, कधी कुणी बुवा. गाणं एकच, वाजवणारे छप्पन. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

पण तबकडीबाईंना शेजाऱ्यांची पर्वा करायला सवड कुठली? गुरुवारी फिजिओ येणार होती. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, एका माणसाच्या मदतीनं, मास्तर चालतात की नाही हे ती बघणार होती. चालले तर घरी राहतील. नाही चालले तर शुश्रूषागृहात. लेकीनं तिथली खोलीसुद्धा बघून ठेवली होती. वाईट मनानं नव्हे हो. गेल्या महिन्यात आईबाप दोघंही न्हाणीघराच्या दारात एकमेकांच्या अंगावर पडलेले तिनं पाहिले होते, तेव्हापासून बिचारीच्या डोळ्याला डोळा नव्हता. मास्तर अंगानं आडवे, बाई पाप्याचं पितर. उचलणार कोण?

मास्तर आणि तबकडीबाई ही काही त्यांची खरी नावं नव्हेत, पण खऱ्या नावांनी त्यांना हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. बस डेपोच्या मागं एक हॉल होता. मास्तर तिथं स्विंग शिकवायचे, म्हणजे जोडीनं करायचा, जॅझवर उड्या घेणारा नाच. बाई कोपऱ्यातल्या उंच ओट्यावर बसून तबकड्या लावायच्या. ओट्यावर बसून हॉलकडे एक नजर टाकायची, हातातली तबकडी चढवून सुई टेकवायची, कानाला हेडफोन लावून चार ठोके ऐकायचे, की निकाल: ही चालेल, ही नाही. दुसरा कुणी अख्खं गाणं ऐकून जे सांगायचा, ते बाई चार ठोक्यांत सांगायच्या आणि वर दोन शिव्याही हासडायच्या. त्यांचा निकाल कधी चुकला नाही. निदान हॉलमध्ये तरी नाही.

आणि हे गाणं त्या हॉलचं शेवटचं गाणं. हॉलचे मोठे दिवे लागून सगळे घरी जायच्या आधी हेच वाजायचं. तेवढं एक गाणं मात्र मास्तर विद्यार्थ्यांबरोबर नाचायचे नाहीत. ते बाईंबरोबर नाचायचे.

कंपवातानं आधी मास्तरांचे हात धरले, मग आवाज, मग पाय. आवाज इतका बारीक झाला की कान तोंडाशी न्यावा लागे. पाय तर भलतेच हट्टी. चालता चालता जमिनीला चिकटायचे ते चिकटायचेच, दारात तर हमखास. "ठेका लावून बघा," फिजिओ मागच्या खेपेला म्हणाली होती. "असल्या दुखण्यात पुष्कळांचे पाय ठेक्यावर सुटतात."

ठेका! तबकडीबाईंचा जीव हरखला होता. उभा जन्म ठेका निवडण्यात गेला, आता नवऱ्यासाठी एक ठेका निवडता येणार नाही होय? माळ्यावरची खोकी खाली आली. लेकीच्या फोनमधूनही त्या गाण्याच्या जगभरच्या आवृत्त्या निघाल्या.

मोठ्या बँडची सगळ्यांत गाजलेली, ती भरधाव. तिच्यावर नाचायला विशीतलं काळीज हवं. एका गायिकेची, ऐकायला अशी की डोळे भरून यावेत, पण बया ठेक्याच्या मागं मागं रेंगाळते. तिच्या नादानं पाय टाकला तर माणूस तोंडावर आपटेल. एक कुठल्याशा कार्यक्रमातली, तिच्यात प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि त्याही नको त्या ठोक्यावर. स्विंगमध्ये टाळी दुसऱ्या नि चौथ्या ठोक्यावर, हे मेल्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ऑर्गनवाली तर बाईंनी पहिल्याच दिवशी बाद केली. ओल्या साबणासारखं वाजवणं, ठेका म्हणून हाती लागेल तर शपथ!

प्रत्येक आवृत्तीला तेच व्हायचं. बाई यंत्रापाशी, मास्तर पलीकडे. गाणं सुरू झालं की मास्तर मान वर करायचे. ओठ हलायचे. पाय मात्र जागचे हलायचे नाहीत. बाई गाणं थांबवून विचारायच्या, "काय म्हणालात हो?" तोवर मास्तरांचे ओठ मिटलेले. ते नुसते बघत राहायचे. बाईंना वाटायचं, आवृत्ती आवडली नाही, म्हणून बोलताहेत. मग दुसरी. मग तिसरी.

"पूर्ण लाव एकदा," लेक शेवटी हट्टालाच पेटली. "बाबाच शिकवायचे ना सगळ्यांना, पहिला फेरा ऐकायचा म्हणून? मग त्यांना ऐकू दे की."

तेही खरंच होतं. गाण्याची चाल एकदा पुरी होऊन पुन्हा मुळापासून सुरू झाली की हॉलमध्ये त्याला फेरा म्हणत. शेवटच्या गाण्याला मास्तरांचा कडक नियम: पहिला फेरा उभ्यानं ऐकायचा, दुसऱ्याला पाय टाकायचा. कुणी घाई केली की म्हणायचे, "तुमची बस सुटत्येय का?"

बाईंनी ऐकलं लेकीचं. चौघांच्या बँडची एक आवृत्ती होती, तिच्यातला खर्जातला बास अगदी सरळ, दर ठोक्याला एक सूर, माणूस चालल्यासारखा. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लावली. यंत्रापाशी मुठी आवळून उभ्या राहिल्या. पहिला फेरा गेला, दुसरा गेला, गाणं संपलं. मास्तर होते तिथंच. डोळ्यांत पाणी तेवढं आलं होतं.

त्या दुपारी तबकडीबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. नळ मोठा सोडला आणि पदर तोंडात कोंबला. माझेच कान गेले, त्यांना वाटलं. ज्या कानांच्या जिवावर एवढा तोरा मिरवला, ते नेमके आता दगा देताहेत. गुरुवार उद्यावर आला होता आणि त्यांच्या हाती काहीच नव्हतं.

गुरुवारी फिजिओ वेळेवर आली. हसतमुख मुलगी, पण हातात पेन. लेकीनं चहा विचारला, ती नको म्हणाली. मास्तरांना पलंगावरून उठवून उभं केलं. वॉकर बाजूला ठेवायला सांगितला. न्हाणीघराच्या दारात तो अडकायचा. ती स्वतः त्यांच्यामागं सावरायला उभी राहिली.

बाईंनी फोनवर चौघांची आवृत्ती लावली. त्यातल्या त्यात तीच बरी म्हणून. खोलीच्या टोकाला टेबलापाशी त्या उभ्या, एक हात बटणाच्या वर, नजर पायांवर. जीव नुसता टांगणीला.

बास चालला. मास्तर नाही चालले.

"या ना हो," बाई पुटपुटल्या. "एक पाऊल टाका. एकच."

मास्तरांचे ओठ हलले. गुडघे थरथरायला लागले. फिजिओनं कमरेला आधार दिला आणि लेकीकडे बघून हळूच मान हलवली. नाही. गाणं तसंच वाजत संपलं.

"आजी, तुम्ही खूप प्रयत्न केलेत," फिजिओ म्हणाली, आणि तिचा तो मऊ आवाज बाईंना तोंडात मारल्यासारखा लागला. "आपण त्यांना बसवू या आता."

"बसवू नकोस!" बाई किंचाळल्या. "बसले की संपलं सगळं!"

त्यांना कशाचंच भान राहिलं नाही. फोन तसाच टाकून त्या धावल्या, मधली खुर्ची ढकलून दिली आणि मास्तरांचे दोन्ही हात घट्ट धरले. "का छळताय असं? कुठलं गाणं हवंय तुम्हाला, सांगा तरी एकदा! जगातली सगळी आणून ओतली तुमच्यापुढं! मी एकटी काय करू या घरात? कुणासाठी काय लावू?"

मागं फोन आपला आपण पुढच्या आवृत्तीवर गेला होता. नेमकी ती ऑर्गनवाली. ओला साबण. बंद करायलाही कुणाला सुचलं नाही.

मास्तरांच्या थरथरत्या बोटांनी बाईंची बोटं चाचपली. मग उजवा हात सुटला, हळूहळू वर गेला आणि बाईंच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, बरोबर जुन्या जागी टेकला. डावा पाय उचलला. टेकला. मग उजवा.

फिजिओ घाईघाईनं मागोमाग सरकली. लेकीनं तोंडावर हात घेतला.

मास्तर पुढं, बाई उलट पावली मागं. इंच इंच, पण ठेक्यात. बाईंना पाठीमागचं काही दिसत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. त्यांनी कान मास्तरांच्या तोंडाशी नेला, कारण ओठ पुन्हा हलत होते.

"किती उशीर केलास गं," मास्तर म्हणत होते. "कधीचा बोलावतोय. तू आपली तिथंच उभी."

बाईंना हॉल आठवला. ओट्यावरून गाणं लावायचं, यंत्र नीट बघायचं, पदर खोचायचा, लाकडी पायऱ्या उतरायच्या, गर्दीतून वाट काढत मास्तरांपर्यंत पोचायचं. पोचेपर्यंत पहिला फेरा संपलेला असायचा. आणि मास्तर मध्यभागी उभे, हात पुढं केलेला, भोवती सगळे विद्यार्थी शिस्तीत गाणं ऐकताहेत.

"म्हणजे तो नियम..." बाई म्हणाल्या.

"मी एकटाच उभा राहिलो असतो तर हसले असते सगळे," मास्तर म्हणाले. "म्हणून म्हटलं, सगळ्यांनीच ऐका."

इतकी वर्षं त्या नियमाचं बाईंनाच कोण कौतुक! आणि हे पठ्ठे आपले बायकोची वाट बघत होते. बाईंना हसू आलं, रडू आलं, आणि स्वतःचा असा राग आला की विचारू नका. एवढे दिवस माणूस समोर उभा राहून बोलावत होता, आणि आपण त्याला तबकड्या ऐकवत बसलो.

न्हाणीघराच्या दाराशी पोचले आणि गाणं संपलं. मास्तरांचे पाय उंबऱ्याशी जागच्या जागी चिकटले.

फिजिओचं पेन कागदावर थबकलं होतं. उंबऱ्यापलीकडे गेले तरच ते चालणं धरलं जाणार होतं, हे तिघींनाही ठाऊक होतं.

बाई सवयीनं फोनकडे वळल्या. मास्तरांनी हात सोडला नाही.

"लावते मी, आई," लेक म्हणाली आणि टेबलाकडे पळाली. "कुठली लावू? आई, लवकर सांग, कुठली?"

तबकडीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा निकाल दिला नाही. "कुठलीही लाव," त्या म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. बाई मास्तरांच्या तोंडाकडे बघत फेरा संपायची वाट बघत राहिल्या.

"आता कशाला थांबायचं?" मास्तर म्हणाले, आणि पहिल्याच ठोक्याला त्यांनी पाय उंबऱ्यापलीकडे टाकला.