उलकानचा विलाप

साठी उलटल्यावर मी नातीकडून अक्षरं शिकले. नवऱ्याच्या लॅपटॉपवर मी स्वतः वाचलेला पहिला शब्द होता, उलकान.

माझा नवरा मुकाश गावातल्या म्हाताऱ्यांची गाणी त्यात भरून ठेवायचा. उलकान आमच्याच गल्लीतली. लग्नाआधी हा आपला काळा घोडा तिच्या दारावरून उगाच दोनदा न्यायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिने आपल्या मेलेल्या नवऱ्यासाठी म्हटलेला विलाप त्या लॅपटॉपमध्ये होता. मुकाश गेल्यावर मी तो रोज लावायचे आणि रोज जळायचे.

मग लॅपटॉप हातातून पडला, पडदा फुटला. गावच्या शाळेने मुलांसाठी तो तसाच मागितला. नारिनच्या बाजारात मेदेर दुरुस्तीचं काम करतो, देण्याआधी त्याच्याकडे नेला. त्याने उघडून पाहिला.

"आजी, आतलं सगळं शाबूत आहे. पुसायच्या आधी काही काढून देऊ?"

"मेलेल्या माणसाची वस्तू धुऊन द्यायची असते. पूस."

"अहो, कपडे धुतात! हा काय सदरा आहे?"

"पूस म्हटलं ना!"

त्याने पुसलं.

वसंतात उलकान गेली. तिच्या अंगणात शोकासाठी नमद्याचा, जाड लोकरी कापडाचा, तंबू उभा राहिला. तिची लेक जिपार शहरातून आली आणि माझा हात धरून तंबूत घेऊन गेली.

"काकू, आईचा विलाप काकांच्या लॅपटॉपमध्ये होता ना? मला एक ओळ येत नाही. आता माणसं येतील. मी गप्प बसले तर म्हणतील, पोटची पोर आईला रडली नाही."

"तो फुटला होता गं," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर पुरुषांचं रडणं ऐकू आलं. माझ्याच्याने राहवेना. तिच्या मागे बसून मी पहिली ओळ हळूच म्हटली.

"तुम्हाला येतो?"

"म्हण माझ्यामागून."

ती म्हणू लागली. आवाज अगदी आईचा. 'काळ्या घोड्यावरच्या माझ्या राजा' इथपर्यंत आलो आणि मी थांबले.

"पुढे, काकू?"

"पुढचं मी कधी ऐकलंच नाही. दर वेळी इथेच लॅपटॉपचं झाकण आपटायचे. आणि फक्त पडदा फुटला होता, पोरी. आतलं मी पुसायला लावलं."

तिने वळून पाहिलं नाही. बाहेरचे लोक दाराशी आले होते. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, एकटीने.