रिव्हेटची नाव

देवीलाल उकिडवा बसून उपड्या नावेची कड बोटांनी चाचपत होता. उमरखेडला जफरभाईच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन नावा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक रिव्हेट ठोकून जोडलेली, दुसरी वेल्डिंगची. तांड्यानं वर्गणी काढून जमवलेल्या पैशांत पहिली बसत होती. दुसरीला बरेच कमी पडत होते.

धरण झालं तेव्हा तांडा पाण्याच्या एका बाजूला राहिला आणि शेतं दुसऱ्या. कापसाच्या वेचणीआधी नाव हवी होती. जुनी लाकडी नाव मागच्या वेचणीत भर पाण्यात बुडाली. तिच्यात अकरा बायका होत्या, दहा जिवंत हाती लागल्या. जी लागली नाही ती शकुबाई, डोंगरसिंगची बायको. पाण्याखालच्या झाडाचं खोड लागून फळी फुटली, असं देवीलालनं सांगितलं होतं आणि तांड्यानं ते मानलं होतं. ते पाणी त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं; नवी नावही त्यानंच चालवायची होती.

पैशांची पिशवी डोंगरसिंगकडे होती. वेल्डिंगच्या नावेवरून तो पुन्हा पुन्हा तळहात फिरवत होता. देवीलालची बायको रुपीबाई दाराशी उभी राहून दोघांकडे पाहत होती.

जफरभाईनं आडपडदा ठेवला नाही. वेल्डिंगच्या नावेत पाणी येत नाही, पण जोड उललाच तर ती इथवर आणावी लागेल. रिव्हेट काही वर्षांनी ढिले होतात, मात्र ते तांड्यातही हातोडीनं ठोकता येतात.

"वेल्डिंगचीच घेऊ," डोंगरसिंग म्हणाला. "कमी पडते थे मी टाकतो. बैलजोडी इकाले काढतो."

"नको भाऊ. रिव्हेटची घेऊ."

"माह्या बैलापायी म्हनून राह्यला का?"

"नाही." देवीलालनं मान वर केली नाही. "वेल्डिंगवाली जाते तं एकदम जाते. हे आधी झिरपते. मानसाले सांगते."

"फळीवानी नाही म्हन."

देवीलालचं बोट एका रिव्हेटवर थांबलं.

"फळी एकदम नोती गेली, भाऊ. पंधरा दिवस झिरपत होती. मी चिंध्या कोंबून चालवत होतो. खोडबिड काही लागलं नाही."

जफरभाई हातातला पान्हा उगाच पुसत राहिला. रुपीबाईनं तोंडाला पदर लावला. त्या चिंध्या तिनंच जुनं लुगडं फाडून दिल्या होत्या.

डोंगरसिंग बाहेर गेला. रस्त्याच्या कडेला, उन्हातच, तो बराच वेळ पाठमोरा उभा होता. पुसदकडे जाणारी एसटी थांबली, दोन माणसं उतरली, एसटी गेली. देवीलाल जागचा हलला नाही. रुपीबाईला वाटलं, आता हा परत यायचा नाही.

तो आला. त्यानं पिशवी जफरभाईच्या टेबलावर ठेवली.

"रिव्हेटची द्या."

मग देवीलालकडे न पाहता तो म्हणाला, "रोज सकायी नावेत किती पानी आलं थे मले घरी येऊन सांगाचं. कोरडी असली तरी सांगाचं."

देवीलालनं मान हलवली.

नाव टेम्पोत चढवायला चौघे लागले. जफरभाई आणि टेम्पोवाला मधे होते. एक टोक देवीलालनं उचललं, दुसरं डोंगरसिंगनं.