बिनआकड्याचे बोल्ट

भाच्याच्या वाढदिवसाला धाकट्या भावाने पंचवीस माणसांसमोर विनोद केला. एका खुर्चीचा पाय डुगडुगत होता आणि तो घट्ट करायला ती खाली वाकली होती. भाऊ म्हणाला, "अरे, ताईच्या हातात पाना देऊ नका. आणखी कुणाचा तरी पाय जायचा."

माणसं हसली. काहीजण खाली बघून हसले, पण हसले. तिचा नवरा कोपऱ्यात कृत्रिम पाय लांब करून बसला होता. तो हसला नाही, आणि काही बोललाही नाही. तिने स्क्रू पूर्ण आवळला, खुर्ची हलवून पाहिली आणि जेवण न करताच घरी आली.

तिला सगळे फिटरीण म्हणत. आधी कौतुकाने म्हणत, नंतर नुसती सवय म्हणून. वडील वारले तेव्हा एक ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे ओढायचा हार्वेस्टर बहीणभावाकडे आला होता. मका कापून आत ओढायचा, पात्यांच्या ड्रमवर त्याचे नखाएवढे तुकडे करायचे आणि उंच नळकांड्यातून ट्रॉलीत फेकायचे, हे त्या मशीनचं काम. तो चुरा खड्ड्यात दाबून, हवा लागणार नाही असा झाकून ठेवला की जनावरांचा वर्षाचा मुरघास तयार. ट्रॅक्टर भाऊ चालवायचा, गिऱ्हाइकं तोच सांभाळायचा. मशीनचं सगळं ती बघायची. नवरा ट्रॉलीवर असायचा.

अकरा वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, भर वेगात ड्रमचं एक पातं सुटलं. ते पत्र्याचं कवच फाडून बाहेर आलं आणि ट्रॉलीशेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या गुडघ्याखाली बसलं. पाय वाचला नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात भाऊ जमलेल्या लोकांना सांगत होता, "पाती कालच ताईने आवळली होती."

ते खरं होतं. म्हणूनच तिला काही बोलता आलं नाही. चोवीसच्या चोवीस बोल्ट तिने स्वतः आवळले होते, दोनदा. पण दोनदा आवळले हे आता नक्की आठवतंय की आपण मनाची समजूत घालतोय, हे तिचं तिलाच कळेना. महिनाभरात तिला स्वतःचाच भरवसा राहिला नाही.

भावाने नंतर स्वतःच्या इंजिनावर चालणारं भलंमोठं मशीन घेतलं आणि आसपासचं सगळं काम त्याच्याकडे गेलं. जुना हार्वेस्टर त्याने तिच्या घरामागे आणून टाकला. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात बटणं लावायला जाऊ लागली. तिथे तिचं शिवणयंत्र अडलं तरी ती हात लावायची नाही, माणूस येईपर्यंत बसून राहायची. हार्वेस्टरवर वेल चढला. त्याचं झाकण तिने कधी उघडलं नाही, कारण आत आपलीच चूक दिसेल याची तिला धास्ती होती.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तिने कोयता घेतला आणि तो वेल मुळापासून छाटला.

नवऱ्याने खिडकीतून विचारलं, काय करतेस. मशीन चालू करणार आहे, ती म्हणाली. कशासाठी, तर भावाची गिऱ्हाइकं काढून घेण्यासाठी. तिचा हिशेब साधा होता. भावाचं मोठं मशीन लहान शेतांत वळत नाही, अरुंद वाटेने जात नाही. तिथल्या लोकांना तो सगळ्यांत शेवटी, वाळायला लागलेल्या मक्यात, उपकार केल्यासारखा जायचा. आधी ती लहान शेतं घ्यायची, मग मधली. त्याचं ते धूड शेडमध्ये उभं राहिलं पाहिजे. आपण जसे अकरा वर्षं उभे राहिलो तसं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना आता."

तिने छाटलेला वेल ओढून बाजूला टाकला.

पहिला आठवडा नुसता गंज सोडवण्यात गेला. ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणाऱ्या शाफ्टचे दोन्ही सांधे जाम झाले होते. ते काढले, रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, एक वाचला, एक फेकला. गिअरबॉक्समधलं तेल काढलं तर काकवीसारखं ओघळलं, तळाशी पाणी. मका आत ओढणाऱ्या रोलरच्या स्प्रिंगा मात्र अजून अशा ताठ होत्या की एकीने तिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं केलं. नळकांड्याचा पत्रा वळणापाशी झिजून चाळणी झाला होता. कारखान्यातून आली की ती अंधार पडेपर्यंत तिथेच असायची. सुरुवातीला पाना हातात घेतला की ती तो परत खाली ठेवायची. मग तिला भावाचं ते वाक्य आठवायचं आणि ती तो पुन्हा उचलायची. रागाचा एवढा उपयोग होतो हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ड्रमचं झाकण निघालं.

बारापैकी अकरा पाती जागेवर होती. बाराव्याच्या जागी दोन भोकं, आणि भोकांत मोडून अडकलेले बोल्टचे तुकडे. तिने उरलेल्या पात्यांवरची घाण खरवडली. तिच्या बोल्टच्या डोक्यावर कडक पोलादाचा आकडा कोरलेला असायचा. वडिलांनी तिला दुसरा बोल्ट ड्रमला लावूच दिला नव्हता. एका पात्याचे दोन्ही बोल्ट आकड्याचे निघाले. पुढच्याचे आकड्याचे. सुटलेल्या पात्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पात्याला मात्र डोकं सपाट, गुळगुळीत असलेले चार बोल्ट होते. फाटकाला लावतात तसले साधे.

ती तिथेच मातीत बसली. हे बोल्ट तिने लावले नव्हते. तिच्यानंतर कुणीतरी ही तीन पाती बदलली होती, आणि तिच्यानंतर मशीनजवळ भाऊच होता.

अडकलेले तुकडे काढायला तिने ड्रम लेथवाल्याकडे नेला. हा म्हातारा तिच्या वडिलांचा मित्र, कमी बोलणारा. त्याने तुकडे काढले, भिंगाखाली धरले, चार साबूत बोल्ट हातात फिरवले आणि सांगितलं की हे मऊ लोखंड आहे, ताणलं गेलं आणि तुटलं. त्यात आवळणाऱ्याचा दोष नाही, लावणाऱ्याचा आहे. मग त्याने ते दोन तुकडे आणि चार बोल्ट एका बाटलीत घालून तिला दिले आणि म्हणाला की कुणासमोर सांगायचं झालं तर मी येईन.

तिच्या डोक्यात तेव्हाच ठरलं. हंगामाआधी दूध संस्थेची बैठक होते आणि कुणाचा मका कोण कापणार हे तिथेच ठरतं. गावचे सगळे असतात. भाऊ पुढच्या रांगेत बसतो. तिथे, सगळ्यांदेखत. पण त्याआधी मशीन धडधडत चालायला हवं, भंगाराच्या मालकिणीचं कोण ऐकतं.

तिने ड्रमला बारा नवी पाती लावली, चोवीस आकड्याचे बोल्ट. ड्रमसमोर एक स्थिर पातं असतं. फिरती पाती त्याच्या अगदी जवळून जायला हवीत, पण घासता कामा नयेत. ती फट तिने जाड कागदाची पट्टी घालून एकेका पात्याशी तपासली. सगळी बेअरिंगं नवी घातली, ग्रीस भरलं, हाताने ड्रम फिरवला. तो आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी तिने बाटली नवऱ्यासमोर टेबलावर ठेवली. तिला वाटलं होतं, तो रडेल, किंवा भावाला शिव्या देईल. निदान तिचा हात धरेल. ती भराभर सगळं सांगत गेली. तो बाटलीकडे बघत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

तिला आधी ऐकू आलंच नाही.

"सकाळी पहिल्याच फेरीत दगड आला. तीन पाती मोडली. तुझे बोल्ट संपले होते. तो म्हणाला, ताईला सांगितलं तर ती शहरात जाऊन बोल्ट आणेपर्यंत काम बंद ठेवेल. अर्धा दिवस जाईल." त्याने बाटली बाजूला सरकवली. "पेटीतले साधे बोल्ट मीच त्याला काढून दिले."

"आणि मग?"

"मग शुद्धीवर आलो तेव्हा तू दोषी ठरली होतीस. मी सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. नंतर इतके दिवस झाले की..."

ती उठली, भांडी घासली, ओटा पुसला, परत येऊन बसली. अकरा वर्षं तिने या माणसाच्या पायाचे पट्टे बांधले होते, आणि दर वेळी मनातल्या मनात माफी मागितली होती. तो ती माफी रोज गप्प बसून घेत राहिला.

"तुम्ही बैठकीला येणार आहात," ती म्हणाली.

"लोकांसमोर?"

"मला दोषी ठरवलंत तेही लोकांसमोरच. तुम्ही उभं राहून बोलायचं. एक शब्द गाळायचा नाही, स्वतःचाही नाही."

बैठकीत भावाने नेहमीप्रमाणे शेतांची यादी वाचायला घेतली, तेव्हा ती उठली. लहान शेतांचं काम मी करणार, ती म्हणाली, मशीन तयार आहे, ज्याला बघायचं त्याने बाहेर येऊन बघावं. मागून कुणीतरी पाय सांभाळा म्हणालं आणि खसखस पिकली. तिने बाटली अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. लेथवाल्याने दोन वाक्यांत बोल्टचं सांगितलं.

भाऊ हसून म्हणाला, "ताई, एवढ्या वर्षांनी काय उकरून काढतेस? हे बोल्ट तूच लावले असशील."

तेव्हा नवरा उठला. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि दगडापासून पेटीपर्यंत सगळं त्याने सांगितलं. आवाज फार बारीक निघत होता. मागच्यांनी मोठ्याने बोला म्हटलं, म्हणून त्याला 'बोल्ट मी दिले' हे वाक्य दोनदा म्हणावं लागलं. तिने एकदाही मदत केली नाही. दुसऱ्यांदा म्हणताना त्याची मान खाली गेली, आणि ते तिने नीट पाहून घेतलं.

भावाने यादीची घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेला. अध्यक्ष खाकरले आणि पुढचा विषय घेऊ म्हणाले.

त्या हंगामात तिच्याकडे एकोणीस शेतं आली, पुढच्या हंगामात चाळीस. कारखाना तिने सोडला. काहीजण मजुरीऐवजी मका देत, तो ती घरामागच्या खड्ड्यात दाबून ठेवी. रोज सकाळी पाती घासायची, ग्रीस द्यायचं, प्रत्येक बोल्टवर पाना ठेवून बघायचा, मगच भाड्याच्या ट्रॅक्टरला जोडायचं. ट्रॅक्टर ती स्वतःच चालवी. लोक भावाला तोंडावर काही बोलत नसत, पण मोठ्या शेतांचे मालकही आता सबबी सांगू लागले. तिसऱ्या वर्षी त्याने ते मोठं मशीन लांबच्या एका ठेकेदाराला देऊन टाकलं. ते गावातून बाहेर जाताना ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, मुद्दाम.

नवऱ्याला तिने घराबाहेर काढलं नाही. जेवण एकत्र, बोलणं कामापुरतं. पायाचे पट्टे तो आता स्वतः बांधायचा. हे असं किती दिवस चालणार, त्याने एकदा विचारलं.

"अकरा वर्षं तरी," ती म्हणाली.

भावाचं मशीन गेलं त्याच हंगामात भावजय घरी आली. दारातच उभी राहिली. "वन्सं, आमचा मका तयार झालाय. दाणा भरलाय, पानं अजून हिरवी आहेत. ह्यांना यायला तोंड नाही, म्हणून मी आले." फिटरीण तिच्याशी नीट बोलली, पाणी दिलं, नंबर लावते म्हणाली.

तिने नंबर लावला, सगळ्यांत शेवटचा. मधे दोन दिवस मशीन रिकामं होतं. ते दोन दिवस तिने गरज नसताना नळकांड्याला रंग दिला.

ती भावाच्या शेतात पोचली तेव्हा पानं कागदासारखी वाजत होती. भाऊ बांधावर उभा होता. केस बरेच पांढरे झाले होते. तिने मशीन लावलं आणि पहिली ओळ घेतली. ट्रॉलीत कोरडा, पिवळट चुरा पडू लागला. असला चुरा दाबला तरी बसत नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते, हे दोघांनाही वडिलांनी एकाच दिवशी शिकवलं होतं. तो ट्रॉलीपाशी गेला, मूठभर चुरा घेऊन पाहिला आणि ट्रॅक्टरजवळ आला.

"ताई, जरा आणखी बारीक होईल का?"

"मका वाळलाय," ती म्हणाली. "आता एवढाच होतो."

त्याने मान हलवली आणि बाजूला झाला. तिने पूर्ण शेत कापलं, कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

थंडीच्या दिवसांत लेथवाल्याकडून कळलं की भावाचा निम्मा मुरघास काळा पडला, फेकून द्यावा लागला. तिला बरं वाटलं, अगदी पोटातून. घरी येईपर्यंत ते टिकलं. मग तिला भावाच्या गोठ्यातल्या गाई आठवल्या. त्यांचं यात काय होतं? दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या खड्ड्यातला चार ट्रॉल्या चांगला मुरघास भावजयीच्या दारात ओतून आली. भाऊ बाहेर आला होता. त्याच्याशी ती बोलली नाही.