नऊ ॲपची फाईल

एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणालाही 'नाही' म्हटलं नाही, असं आमचे बाबा अभिमानानं सांगतात. खरंच आहे ते. कचेरीत नाही म्हणायची गरजच पडत नाही. फाईलवर एक त्रुटी काढली की काम आपोआप थांबतं आणि समोरचा वर आभार मानून जातो.

ही कला मी घरात पाहिली ती जपानला जायचं ठरवलं तेव्हा. मी सोलापुरात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिकडच्या वृद्धाश्रमांत नर्स हव्या होत्या. चार महिन्यांनी ऑनलाइन मुलाखत आणि तीही जपानीत, एवढीच अट. माझ्यासोबतच्या बार्शीच्या पिंकीनं त्याच दिवशी समोर दिसलं ते पहिलं ॲप मोबाईलवर घेतलं आणि एसटीची वाट बघत अक्षरं गिरवायला लागली. मीही घेणार, तोच बाबा म्हणाले, "असं एकदम घ्यायचं नसतं. तीन दरपत्रकं मागवू."

"बाबा, फुकट आहे ते."

"फुकटाचंच जास्त तपासायला लागतं की."

दुसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या दुकानातून कोरी फाईल आली. तिनाची नऊ ॲप झाली. रकाने आखले गेले: अक्षरओळख, उच्चार, शब्दसाठा, शिकवणाऱ्याची वागणूक. एका ॲपमधलं मांजर आपण चुकलो की मान हलवायचं. बाबांनी शेरा मारला, 'विद्यार्थ्याशी उर्मट.' दुसरं छान शिकवायचं, पण कंपनीचा पत्ता सापडेना. तिसऱ्याला त्यांनी ईमेल धाडला, 'विषय: जपानी भाषा शिकविणेबाबत.' मिनिटभरात यंत्राचं उत्तर आलं की तुमचा संदेश मिळाला. बाबांनी ते छापून आणलं, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि पुढच्या पत्राची वाट बघण्यात तीन आठवडे घालवले.

तपासणीसाठी प्रत्येक ॲपचा पहिला धडा करायची मला मुभा होती. त्यापुढं नाही. मंजुरीआधी काम सुरू होत नसतं.

"अहो, पोरीला शिकू द्या की!" आई वैतागायची.

"शिकतेच आहे की ती."

खोटं कशाला बोलू, मलाही बरंच वाटत होतं. ॲप निवडत बसलं की अभ्यास केल्यासारखं वाटतं आणि डोकंही दुखत नाही.

मुलाखतीत पडद्यावरच्या बाईंनी नाव विचारलं. मी ते असं खणखणीत सांगितलं की त्या खूशच झाल्या. पहिला धडा नऊ वेळा झाला होता ना! मग त्यांनी आणखी काहीतरी विचारलं. मी सांगितलं, हे सफरचंद आहे. त्यांनी तेच पुन्हा सावकाश विचारलं. मी सांगितलं, तेही सफरचंद आहे. त्या फार सभ्यपणे हसल्या आणि मुलाखत संपली.

पिंकी पास झाली. "माजं ॲप लई भंगार हाय गं," पेढा देत ती म्हणाली, "पर दुसरं बगाया येळच न्हवता." मला तिचा राग आला, मग स्वतःचा, आणि घरी पोचेपर्यंत बाबांचा.

बाबा फाईल उघडून बसले होते. "पुढची मुलाखत सहा महिन्यांनी आहे. दहावं एक ॲप बघून ठेवलंय." मी त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण शोधली. चेहरा सुटका झाल्यासारखा होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्रुटी ॲपवर निघत होत्या आणि अर्ज माझा अडत होता.

मी एक कोरा कागद घेतला. 'विषय: मुलगी वैदेही हिला जपानला जाऊ देणेबाबत. मंजूर / नामंजूर.' तो त्यांच्यापुढं ठेवला.

"एक खोडा आणि सही करा. शेरा नको."

त्यांनी पेन उचललं, ठेवलं, चष्मा पुसला. "वैदू, एकुलती एक आहेस गं तू."

"मग तसं सांगायचं होतं ना, बाबा. जाऊ नकोस म्हणायचं."

"मला 'नाही' म्हणता येत नाही," ते म्हणाले. "आणि 'जा' म्हणवत नव्हतं."

मला रडूच फुटलं. चार महिन्यांचा राग होता, पण आता तो ठेवायला जागा सापडेना. बाबांनी 'नामंजूर' खोडलं, सही केली, तारीख घातली. मग सवयीनं खाली लिहिलंच, 'अट: रोज फोन करावा.'

मी पिंकीचं भंगार ॲप घेतलं आणि थेट दुसरा धडा उघडला. एक बाहुली वाकून नमस्कार करत बाहेर आली. बाबा शेजारी सरकले, चष्म्यावरून तिला न्याहाळू लागले.

"हिची वागणूक जरा..."

"बाबा!"

त्यांनी पेनाला टोपण घातलं.